वैलावरचा हिशेब



कविता लिहिणाऱ्या माणसाने स्वयंपाकघराविषयी काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. पण आमच्या घरी रात्री कडधान्ये निवडून भिजत घालण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणून थोडा अधिकार सांगतो.

प्रवरेच्या काठच्या आमच्या कोल्हारला पूर्वी घरोघरी मातीच्या चुली होत्या आणि चुलीला लागून वैल असे. पुढच्या तोंडावर भाकरी चाललेली असायची, आणि जी आच एरवी वाया गेली असती ती वैलाखाली जायची. त्या आचेवर आमटी शिजे, दूध तापे. भाकरी फुगवायला ओढलेल्या आरावर शेवटी एखादे वांगे भाजून निघे. आमच्या आजीला शाळा ठाऊक नव्हती. पण एका जाळात तीन कामे करण्याचा हिशेब तिला पक्का ठाऊक होता.

गॅस आला आणि वैल गेला. धुरातून सुटका झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. घरातल्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरी सिलिंडर पोचला. पण तो पुन्हा भरून घ्यायचा म्हटले की हात आखडतो. मग १४.२ किलोची ती टाकी पुरवून कशी वापरायची?

पहिली गोष्ट उकळीची. पाणी एकदा उकळले की आच कितीही मोठी केली तरी ते अधिक तापत नाही, नुसती वाफ वाढते. एक लिटर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. म्हणून उकळी आली की आच मंद करावी आणि भांड्यावर झाकण ठेवावे. पाणी बेताचेच घालावे. भांड्याच्या कडेने वर येणारी ज्योत भांडे तापवत नाही, आपला खिसा तापवते.

प्रेशर कुकरचेही तेच. आत दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. पण पूर्ण दाब आल्यावर मोठी आच कामाची नाही. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढेच. आच मंद करावी, वेळ मोजावा, आणि कुकर उतरवल्यावर आतल्या वाफेलाही थोडे काम करू द्यावे. एका कुकरात दोन-तीन डबे लावले की वैलाचा धडा पुन्हा गिरवला जातो.

दुसरी गोष्ट भिजवण्याची. पाण्याला पैसे पडत नाहीत आणि रात्र फुकट असते. आमच्याकडच्या खिचड्याचा गहू असो की शेजारच्या घरातली पुरणाची डाळ, आधी भिजली की जाळ कमी लागतो. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, चांगला उकळूनच शिजवावा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो.

तिसरी गोष्ट आमच्या ऊसपट्ट्याची. शेतात पाचट पेटवून देतात, ते आपण पाहतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली उभ्या राहिलेल्या ‘आरती’ या संस्थेने त्याच पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत काढली. त्यासाठी २००२ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तिच्या ‘सराई’ कुकरात मूठभर कोळशाच्या वड्यांवर, एकावर एक डबे ठेवून, चार-पाच माणसांचे वरण-भात-भाजी वाफेवर होते. एकदा पेटवले की ढवळायला कुणी उभे राहावे लागत नाही. फक्त कोळसा बंद खोलीत पेटवू नये. त्याचा न दिसणारा वायू जीवघेणा असतो.

कोळशाची सोय नसेल तर गोधडी आहेच. तांदळाला चांगली उकळी आणून, थोडा वेळ शिजवून, झाकणासकट पातेले टोपलीत जाड गोधडीत गुंडाळून ठेवावे. उरलेला भात त्यातच होतो. तो गरम असतानाच वाढावा, दिवसभर तसाच ठेवू नये.

पैशाचा हिशेब हा असा. वेळेचा जरा अवघड आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला २८९ मिनिटांचा वेळ त्यात जातो, आणि पुरुषांचा ८८ मिनिटांचा, असे आढळले. कुकरने बाईची अर्धी घटका वाचवावी आणि आपण लगेच म्हणावे, ‘वेळ आहे ना, मग जरा भजी टाक’, तर वाचले काय? रमजानात सहरीसाठी घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते; रोजा मात्र तिचाही असतो. रात्री कणीक मळून ठेवायला, कांदा चिरून द्यायला पुरुषाचा कुठला धर्म आड येत नाही.

गॅसची बचत टाकीवर दिसते. वेळेची बचत दिसते ती घरातली बाई जेवणानंतर वर्तमानपत्र हाती घेऊन निवांत बसली तर. आपापल्या घरी एवढे पाहावे, ही विनंती.