तवक्कुल आणि पेटीतले पैसे

आज मला ‘तवक्कुल’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. अल्लाहवरचा भरवसा. आपल्या मालेगावात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नाही, मालकाने यंत्रमाग बंद ठेवले, की आपण कामगाराला म्हणतो, ‘सब्र करा, रोजी देणारा अल्लाह आहे.’ खरेच आहे ते. पण कोण कोणाला म्हणतो, हेही पाहा. बहुतेक वेळा जेवलेला माणूस उपाशी माणसाला म्हणत असतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक अन्सारी गृहस्थ मदत मागायला आले. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले, घरात काय आहे? एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचे एक भांडे निघाले. प्रेषितांनी (स.) लोकांसमोर बोली लावून दोन्ही वस्तू दोन दिरहमांना विकल्या. एका दिरहमाचे धान्य घरी द्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली आणि तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. पंधरा दिवस लाकडे तोडून विकल्यावर त्या गृहस्थांकडे दहा दिरहम जमले. मला या हदीसमध्ये तो दांडा फार महत्त्वाचा वाटतो. नुसती दुआ देऊन पाठवता आले असते की!

आमच्या मोहल्ल्यात आम्ही चौघे बिनव्याजी कर्जाची छोटी पेटी चालवतो. कारण सांगतो. आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणारे लोक गल्लीत येतात, बायकांचा गट करतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना तिच्या दारात बसवून ठेवतात. शेजारणी-शेजारणींत त्यामुळे जे होते, ते तुम्ही पाहिलेलेच आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असे कुरआन सांगते. म्हणून आमच्याकडे उशीर झाला तरी दंड नाही.

आता माझ्यापुरते. मी दोन कारखान्यांचा हिशेब लिहितो. माग थांबले तसा माझा पगार निम्म्यावर आला. पेटी माझ्याच घरी असते. तिच्यात त्या वेळी ११,४०० रुपये होते आणि मुलीची ४,५०० रुपये फी थकली होती. बायको म्हणाली, ‘चार दिवसांसाठी घ्या, कोण विचारतंय?’ खरेच, कोणीच विचारले नसते. मी इतरांसारखाच अर्ज केला आणि निर्णय होताना खोलीबाहेर थांबलो. माझा नंबर सहावा लागला. माझ्याआधी एका बेवा बहिणीच्या शिलाई मशीनची मोटर होती, एका हिंदू शेजाऱ्याच्या हातगाडीची चाके होती. माझी पाळी यायला सात आठवडे गेले. तोवर शाळेत जाऊन मुदत मागितली. मिळाली. पण पांढरे कपडे घालणाऱ्या माणसाला असे मागायला जाणे किती जड जाते, ते तिथे कळले. जे चिकटून मागत नाहीत, ज्यांना अनोळखी माणूस खाऊनपिऊन सुखी समजतो, अशा गरजूंचा उल्लेख सूरह बकरामध्ये आहे. आपल्या गल्लीत असे पुष्कळ आहेत. ते आपल्या दारी येणार नाहीत, आपल्यालाच जावे लागेल.

त्या सात आठवड्यांत मला झोप लागत नव्हती. भरवसा असेल तर काळजी वाटत नाही, असे कोणी सांगितले तर मला पटत नाही. खुद्द प्रेषितांनी (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहची पनाह मागितली आहे. काळजी वाटत होती आणि पेटी कपाटात होती. माझ्या तवक्कुलला त्या कुलपाइतकाच अर्थ होता. रोजी त्याच्याकडून यायची आहे, दुसऱ्याच्या अमानतीतून नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. रमजानमध्ये आपण मोकळ्या हाताने देतो. जकातचे हक्कदार ठरलेले आहेत, तिचा हिशेब वेगळाच ठेवायचा. पण सदकाही त्याच महिन्यात येतो आणि पुढे पेटी रिकामी होते. माग मात्र रमजान पाहून बंद पडत नाहीत. तेव्हा ज्याला जमेल त्याने दर महिन्याला पन्नास-शंभर रुपये लिहून द्यावेत. वही दाराजवळच्या टेबलावर आहे. मागचा सगळा हिशेबही तिच्यातच आहे; पाहायचा असेल त्याने जरूर पाहावा.