‘मानधन’ नावाचा सापळा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर अंगणवाडीच्या ताई आहेत, घरकामगार बाया आहेत, महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आहेत. तुमच्यापुढे मी आज पीएच.डी. झालेल्या बाईबद्दल बोलणार आहे. तुम्हाला वाटेल, एवढ्या शिकलेल्या बाईचं दुःख आमच्या शिबिरात कशाला? थोडा धीर धरा.

आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. तिला आपण नलू म्हणू. नवऱ्याशी पटत नव्हतं, माहेरी निघून आली होती. अर्जात ‘उत्पन्न’ या रकान्यात तिनं ‘नाही’ असं लिहिलं. बोलता बोलता कळलं की ती डॉक्टरेट झालेली आहे आणि सात वर्षं कॉलेजात इतिहास शिकवते. मी म्हटलं, “मग उत्पन्न नाही असं का लिहिलंत?” ती म्हणाली, “ताई, त्याला उत्पन्न म्हणायचं का, तेच कळत नाही. सासूबाई म्हणतात, येण्याजाण्याचं भाडंसुद्धा सुटत नाही.”

मला तिचं बोलणं लागलं. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मीही दोन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं आहे. जेवढे तास, तेवढे पैसे. पेपर तपासायचे, मुलींना घेऊन शिबिराला जायचं, कॉलेजची तपासणी आली की फायली लावत रात्री आठपर्यंत बसायचं. याला पैसे नाहीत. सुट्टीला नाहीत, आजारपणाला नाहीत. पहिल्या वर्षाचे पैसे मला दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मिळाले.

जरा हिशेब मांडू. महाराष्ट्रात 2018 मध्ये पदवीच्या वर्गाला तासाचा दर 500 रुपये ठरला. नलूला आठवड्याला नऊ तास मिळत. म्हणजे महिन्याचे अठरा हजार, तेही वर्ग चालू असतील त्याच महिन्यांत. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होतं. 2023 मध्ये तासाचा दर 900 झाला. दर वाढला, पण नेमणूक अजून तशीच आहे. उन्हाळ्यात संपते, नव्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत.

मग कायमची जागा का मिळत नाही? जागा रिकाम्या आहेत, पण भरत नाहीत. शासनानं 2018 मध्ये 3,580 पदं भरायला मान्यता दिली. मे 2020 मध्ये करोनाच्या नावाखाली भरती थांबली. उरलेल्या 2,088 पदांना पुन्हा मान्यता मिळायला 2021 चा नोव्हेंबर उजाडला. तोवर किती जणींची उमेदीची वर्षं गेली! आणि जागा निघाली तरी ‘किती लाख द्यावे लागतील’ ही चर्चा गावोगाव उघड चालते. मुलासाठी बाप एकरभर जमीन विकतो. मुलीसाठी बाप म्हणतो, लग्नात खर्च केला की. सासरा म्हणतो, सुनेसाठी मी कशाला विकू? बाई तासिकेवरच राहते. वर तिलाच सांगतात, “बरंच आहे की, घर सांभाळून होतं.”

नलूनं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही तिसऱ्या भेटीत. विभागातला एक वरिष्ठ रात्री-अपरात्री फोन करायचा. तक्रार का केली नाही? कारण जूनमध्ये तास कोणाला द्यायचे ते त्याच्या शब्दावर ठरायचं. सातव्या महिन्यात पोट दिसायला लागलं, तेव्हा तिचे तास दुसऱ्या कुणाला दिले. तेव्हाही ती गप्प बसली. कोणी काढून टाकलं नाही, नुसतं ‘यंदा वर्कलोड नाही’ म्हटलं.

अंगणवाडीच्या ताईंनो, आता तुम्हाला ओळख पटली असेल. तुमच्या कामाच्या पैशालाही ‘मानधन’च म्हणतात. मान म्हणायचं आणि धन थोडंच द्यायचं. पगार म्हटलं की रजा आली, फंड आला, बाळंतपण आलं. मानधन म्हटलं की उपकार झाला.

फरक एवढाच की तुम्ही रस्त्यावर आलात, मोर्चे काढलेत, जेलभरो केलंत. 2022 मध्ये गुजरातच्या अंगणवाडीताईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मानधन म्हटलं तरी त्यांना ग्रॅच्युइटी द्यावी लागेल. नलूला मात्र लाज वाटते. एवढी शिकले आणि ही अवस्था, हे लोकांना कसं सांगू? मोर्चात दिसले तर पुढच्या वर्षी तास मिळतील का? शिक्षणानं तिला विषय दिला, पण शेजारणीचा हात धरायला शिकवलं नाही.

म्हणून या बायकांपर्यंत आपण जायचं. त्यांना काही गोष्टी स्वच्छ सांगायच्या. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात हंगामी, कंत्राटी, रोजंदार सगळ्या बायका येतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. बाळंतपणाचा हक्क फक्त कायम बाईचा नाही. 2000 मध्ये दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायकांनी तो सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. 2023 मध्ये एका कंत्राटी डॉक्टर बाईच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, करार संपला तरी लाभ बुडत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी द्या, असा निकाल झाला. हे निकाल तासिकेवरच्या बाईला आपोआप लागू होणार नाहीत, त्यासाठी भांडावं लागेल. पण वाट पाडलेली आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी कमी शिकलेल्या बायांनी पाडलेली आहे.

आणि एक साधं काम. नेमणुकीचं पत्र, घेतलेल्या तासांची नोंद, हजेरीची प्रत घरी जपून ठेवा, असं प्रत्येकीला सांगा. कागद नसला की बाई कामावर होती हेच नाकारतात.

नलूचा अर्ज आम्ही परत काढला. ‘उत्पन्न’पुढचं ‘नाही’ तिनं स्वतःच खोडलं आणि लिहिलं, ‘कॉलेजात शिकवते. सहा महिन्यांचे पैसे येणे आहेत.’ गेल्या महिन्यात ती आमच्या बैठकीला आली. येताना आणखी तिघींना घेऊन आली.