गुमताऱ्याची वाट

गणेशपुरीला आपण जातो ते गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि नित्यानंदांच्या समाधीच्या दर्शनासाठी. याच परिसरात, दुगाडजवळ, गुमतारा किल्ला आहे. डिसेंबर १७८०मध्ये इथेच इंग्रजांशी लढताना मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश कानडे धारातीर्थी पडले. किल्ल्याची वाट दाट जंगलातून जाते आणि पाऊस सरला की गवतात हरवते.

अशा वाटा टिकतात त्या श्रमदानामुळे. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर यांसारख्या संस्थांचे कार्यकर्ते सुट्टीचा दिवस किल्ल्यांवर घालवतात, टाक्यांतला गाळ उपसतात, दिशाफलक लावतात. ब्रिटनमध्ये नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था तर पूर्वी अशा कामासाठी मुक्कामी सुट्ट्याच आखत असे.

वाटेचा खरा शत्रू पाणी. पावसाचं पाणी पायवाटेवरून धावू लागलं की माती वाहून जाते, घळ पडते. मग लोक कडेने चालतात आणि झाडोरा तुडवला जातो. उपाय साधा, पण अंगमेहनतीचा: वाटेत तिरपी चर खणायची, तिच्या खालच्या अंगाला मोठे दगड पहारीने घट्ट बसवायचे आणि पाणी उताराकडे काढून द्यायचं. दगड हलता कामा नये; हलला तर पहिल्याच पावसात सगळं वाहून जातं.

मात्र हौसेने कोयता चालवू नका. वनखात्याची परवानगी घ्या, गावातला वाटाड्या सोबत ठेवा आणि येत्या हिवाळ्यातला एक रविवार या कामाला द्या.