अडकलेली ओल

शाळेच्या खिडक्यांसाठी तावदाने आणली, पण सुताराच्या चौकटी तयार नव्हत्या, म्हणून पेटी ओसरीवरच राहिली. पावसाळा सरल्यावर उघडून पाहावे तो काचा धुरकट! कितीही पुसा, डाग जात नाही. आता दुकानदाराला बोल लावण्याआधी जरा थांबा. खिडकीतली जुनी काच कित्येक पावसाळे झेलून स्वच्छ आहे. मग न वापरलेलीच का बिघडावी?

काच होते ती वाळू, सोडा आणि चुना वितळवून. यांपैकी सोड्याचा अंश पाण्यात थोडाथोडा उतरतो. खिडकीवरचा पाऊस तो घेऊन वाहून जातो. परंतु एकमेकींना चिकटलेल्या दोन काचांत ओल अडकली, म्हणजे तो अंश त्याच थेंबात साठत जातो, पाणी खारे-जहाल होते आणि काचेतल्या वाळूच्या अंशालाच खाऊ लागते. म्हणून गुरुजी, तावदाने कोरड्या जागी उभी ठेवा, मधे कोरडा कागद घाला, आणि पेटीतला ओला पेंढा आधी फेकून द्या.

मातीचेही असेच आहे. कच्ची वीट एका पावसात चिखल होते. साधारण 600 अंश सेल्सियसपर्यंत नीट भाजली, की मातीच्या कणांत बांधलेले पाणी कायमचे निघून जाते, मग ती भिजली तरी विरघळत नाही. संगमनेरजवळ जोर्वे येथे 1950-51 साली उत्खनन झाले. तिथली सुमारे 3000 वर्षांपूर्वीची खापरे आजही वाजवली तर खणखणतात!

मात्र भाजलेल्या विटेलाही लोणा सोडत नाही. जमिनीतली ओल भिंतीत चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षाराचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढतात आणि तिचे पापुद्रे सुटतात. अशा वेळी आपण काय करतो? वर सिमेंटचा गिलावा चोपडतो. हे मला मुळीच पटत नाही. ओलीची वाट बंद झाली, की ती आणखी वर चढते. त्यापेक्षा भिंतीच्या पायाशी साचलेली माती ओढून काढा, पागोळ्यांचे पाणी चर खणून दूर न्या. लोणा कोरड्या कुंच्याने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा विटेतच शिरेल. भिंत वाळू द्या, आणि मग गिलावा करायचाच तर चुन्याचा करा.