चित्र टप्प्याटप्प्याने घडते

(संस्थेच्या वार्षिक समारंभात भरलेल्या चित्रप्रदर्शनाच्या वेळी पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





आज सकाळी प्रदर्शनाचे दार उघडताच एका पालकांनी मला गाठले आणि विचारले, "सर, ही अर्धीमुर्धी चित्रे कशाला टांगलीत? पोरांनी पुरी केली नाहीत काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. डाव्या हाताच्या भिंतीवर एकाच हापूस आंब्याचे चार कागद ओळीने लावलेले आहेत. पहिल्यावर नुसत्या पुसट रेषा आहेत. दुसऱ्यावर फिकट पिवळा डाग आहे. तिसऱ्यावर काहीतरी मळकट दिसते आणि चौथ्यावर आंबा आहे. हे कागद राहून गेलेले नाहीत. मुलांनी ते त्या त्या टप्प्यावर मुद्दाम थांबवले आहेत. ते का थांबवले, एवढेच सांगायला मी आपल्यापुढे उभा आहे.

मी चित्रकलेचा पदवीधर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, भाषा शिकवणारा मास्तर आहे. चित्रकलेचे तास रिकामे राहू लागले तेव्हा ते माझ्याकडे आले आणि मी मुलांबरोबरच शिकत गेलो. तरी या विषयाशी माझी एक जुनी ओळख आहे. आठवीत असताना मी एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसलो होतो. समोर पिवळे लिंबू आणि त्याला टेकून जांभळे वांगे ठेवले होते. मी लिंबू रंगवले आणि लगेच, ते ओले असतानाच, वांग्याला हात घातला. जांभळा रंग ओल्या पिवळ्यात पसरला आणि दोहोंचा मिळून चिखलासारखा तपकिरी डाग झाला. पिवळा आणि जांभळा हे परस्परविरोधी रंग आहेत, ते मिसळले की एकमेकांना मारतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी एवढेच कळले की परीक्षेचा कागद फाडताही येत नाही. निकालात "क" श्रेणी आली आणि त्यानंतर दहा-बारा वर्षे मी ब्रश हातात धरला नाही.

आपली मुले कागद फाडतात ती नेमकी याच जागी. वर्गात मी पाहत आलो आहे. चित्र सुरू करताना मूल आनंदात असते. मधल्या टप्प्यावर चित्र वाईट दिसू लागते, आणि तिथेच चुरगळलेले कागद बाकाखाली पडू लागतात. घरी हा प्रकार होतो तेव्हा मागून अब्बा किंवा मोठा भाऊ डोकावतो आणि म्हणतो, "हा काय आंबा आहे? बटाटा वाटतोय." मग मूल चित्र मिटून ठेवते ते कायमचेच.

आता आंब्याकडे येऊ.

जलरंगात पांढरा रंग बाटलीत नसतो, तो कागदात असतो. रंग पारदर्शक असतात. उजेड रंगातून आत जातो, कागदावर आपटून परत येतो आणि म्हणून चित्र उजळ दिसते. यावरून सगळी रीत ठरते. फिकट रंग आधी लावायचा, गडद नंतर, आणि जिथे चकाकी हवी तिथला कागद पहिल्यापासून कोरा राखायचा. एकदा झाकलेला पांढरा भाग पुन्हा तसा मिळत नाही. तैलरंगात चूक वरून झाकता येते. इथे ती सोय फार थोडी.

पहिल्या कागदावर फक्त रेषा आहेत. पेन्सिल एच्.बी. असावी आणि तिचा भार कागदावर पडू नये. दाबून काढलेली रेषा खोडली तरी तिची चर राहते आणि त्या चरीत रंग साठतो. खोडरबर जोराने घासला तर कागदाचा थर उसवतो आणि तिथे रंग डागासारखा शोषला जातो. आंब्याची आकृती, देठ, खाली पडलेली सावली आणि चकाकीची जागा, एवढ्या रेषा पुरेत. कागद जाड घ्यावा आणि चारही कडा चिकटपट्टीने बोर्डाला चिकटवाव्यात. पातळ कागद ओला झाला की त्याला लाटा येतात आणि रंग खोलगट भागात जाऊन साचतो.

दुसऱ्या कागदावर पहिला हात आहे. पिवळा रंग भरपूर पाण्यात कालवून, चकाकी सोडून, सगळ्या आंब्यावर एकसारखा पसरला आहे. तो ओला असतानाच देठाजवळ तांबड्याचा एक थेंब सोडला. तो आपोआप पसरला आणि हापूसच्या खांद्यावर येते तशी लाली आली. ब्रशने घासून ही लाली कधी आली नसती. इथे ओल हा आपला मित्र आहे. पण लक्षात ठेवा, जलरंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिकट होतो. मुलाला वाटते रंग उडाला, म्हणून ते ओल्यातच पुन्हा रंग घालते. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाणीदार ब्रश टेकला की पाणी कडेकडे रंग ढकलते आणि फुलकोबीसारखा कातरलेला डाग उठतो. तो डाग पुढे जाता जात नाही.

म्हणून थांबायचे. मोठी माणसे मला विचारतात की तासभरात मूल दहा मिनिटेच रंगवते, मग उरलेला वेळ काय करते? ते कागद वाळण्याची वाट पाहते. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटे लागतात. आपल्या कोकणातल्या पावसात मात्र तास गेला तरी कागद दमटच असतो. वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पालथा हात कागदाला हलकेच टेकवून पाहा, गार लागला तर आत अजून ओल आहे. हल्ली मुले मोबाईलवर चित्र काढण्याचे व्हिडिओ पाहतात. त्यांत एका मिनिटात पूर्ण आंबा तयार होतो, कारण वाट पाहण्याचा वेळ कापून टाकलेला असतो. मूल समजते की आपल्यालाच जमत नाही.

आता तिसरा कागद. सकाळच्या पाहुण्यांनी याच्याकडेच बोट दाखवले होते, आणि माझ्या मते चारांत महत्त्वाचा कागद हाच. वाळलेल्या पिवळ्यावर, उजेडाच्या विरुद्ध बाजूला, यलो ऑकर आणि थोडा बर्न्ट सिएना यांचा दुसरा पातळ हात दिला आहे. त्याची आतली कड धुतलेल्या, ओलसर ब्रशने विरवली आहे, म्हणजे आंबा गोल वाटतो. तरीही तो मळकट दिसतो. याचे कारण सोपे आहे. भोवतालचा कागद अजून कोरा पांढरा आहे. कोऱ्या पांढऱ्याशेजारी कोणतीही सावली घाणेरडीच दिसते. मागचा कापड रंगला आणि आंब्याखाली गडद सावली पडली की हीच मळकट बाजू जागच्या जागी बसते. त्या रंगात काहीही बदललेले नसते, शेजार बदललेला असतो. हे ज्याला ठाऊक नाही तो इथे घाबरतो आणि सुधारायला जाऊन सगळे बिघडवतो.

सावलीसाठी काळा रंग घेऊ नका. पिवळ्यात काळा मिसळला की तो करडा होत नाही, शेवाळी हिरवा होतो. आंबा नासल्यासारखा दिसतो आणि मुलाला कळत नाही हिरवा आला कुठून. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद रंग मिळतो, तो वापरून पाहा. निळा जास्त घातला तर थंड सावली, सिएना जास्त घातला तर उबदार.

चौथ्या कागदावर रंगीत पेन्सिली आल्या. या पेन्सिलींत मेणाचा अंश असतो आणि मेणावर पाणी ठरत नाही. म्हणून पाण्याचे काम पूर्ण संपवून, कागद खडखडीत वाळल्यावरच त्या हाती घ्यायच्या. टोक बारीक हवे आणि फटकारे आंब्याच्या गोलाईबरोबर वळत जायला हवेत. एका रंगावर दुसरा, असे हलके थर द्यावेत. ऑकरवर नारिंगी, त्यावर कडेला जरासा तपकिरी. आंब्याच्या सालीवरचे बारीक ठिपके ब्रशला साधत नाहीत, पेन्सिलीला साधतात. पहिल्याच थराला दाबून घासले तर मेणाचा तकाकणारा पापुद्रा बसतो आणि पुढचा थर त्यावरून घसरतो. पांढऱ्या पेन्सिलीने चकाकी आणू म्हणाल तर ती येत नाही. ती पहिल्या दिवशी राखलेल्या कोऱ्या कागदातूनच येते.

हे टप्प्यांचे काम बाहेरून आलेले नाही. मुघल चित्रशाळांतील कारागीर कागदाचे अनेक थर खळीने चिकटवून जाड वसली तयार करीत. तिच्यावर आधी रेखाटन, त्यावर खालच्या रेषा दिसतील इतका पातळ पांढरा हात, मग पुन्हा रेषा आणि मग रंगांचे थरावर थर. मध्येच चित्र गुळगुळीत दगडावर पालथे घालून मागून अकीकाच्या दगडाने घोटीत, म्हणजे रंग एकजीव होऊन बसत. त्यावर पुन्हा रंग. सोने शेवटी. खारीच्या केसांच्या ब्रशने बारीक टिंबे आणि रेषा घालून छटा भरीत, तिला परदाज म्हणत. रंगीत पेन्सिलीचे हलके फटकारे घालताना मला नेहमी परदाजाची आठवण होते. त्यांचे रंग आपल्या जलरंगांपेक्षा दाट असत, पण सबुरी तीच.

उस्ताद मन्सूर हे जहांगीर बादशहाचे चित्रकार. बादशहाने त्यांना नादिर-उल-अस्र ही पदवी दिली होती. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की पक्षी दरबारात सर्वांना नवा होता. मन्सूरांनी काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. 1620 मध्ये बादशहा काश्मीरला गेला तेव्हा मन्सूरांनी तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, अशी नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. त्यांपैकी फार थोडी उरली. मन्सूरांचे लाल ट्यूलिपचे चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात, हबीबगंज संग्रहात आहे. आपल्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी पुढे अलीगढला शिकायला गेली, तर त्यांनी या चित्राची चौकशी जरूर करावी.

काही घरांत सजीवांची चित्रे काढण्याबद्दल संकोच आहे, हे मला माहीत आहे. त्या भावनेचा मी आदर करतो आणि कोणत्याही मुलाला वर्गात त्याविरुद्ध काही काढायला लावत नाही. पण या संकोचापायी मुलाच्या हातातून ब्रशच काढून घ्यावा, असेही नाही. दमास्कसची उमय्या मशीद खलिफा वलीद यांच्या काळात, 715 च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या भिंतींवरील सोनेरी मोझेइकमध्ये झाडे आहेत, नदी आहे, घरे आहेत. माणूस किंवा जनावर नाही. फळ, झाड, होडी, घराचा ओटा, जाळीची नक्षी, सुलेखन, यांत एका आयुष्यात पुरे होणार नाही एवढे काम पडलेले आहे.

दुसरा प्रश्न येतो पोटाचा. "याने पोट भरेल काय, सर?" प्रत्येकाचे भरेल असे मी खोटे सांगणार नाही. मुंबईचे जे.जे. स्कूल 1857 साली सुरू झाले. सय्यद हैदर रझा तिथेच शिकले, आणि 1940 च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांची त्यांनी काढलेली चित्रे जलरंगातली होती. पण दर वर्गातून रझा निघत नाहीत. कापडाची नक्षी, घरबांधणीचे आराखडे, पुस्तकांची सजावट, शाळांतली चित्रकला, या वाटा मात्र खऱ्या आहेत. आणि ज्या मुलीने आंब्यावरचे ठिपके नीट पाहिले, तिची विज्ञानाच्या वहीतली फुलाची आकृतीही सुधारते, हे मी स्वतः पाहिले आहे.

घरात अम्मी भरतकाम करीत असतील तर त्यांना यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. उलट्या बाजूचे दोरे पाहून कुणी ओढणीची किंमत करीत नाही. म्हणून माझी अब्बांना आणि मोठ्या भावांना एवढीच विनंती आहे. मुलाचे चित्र चालू असताना मागून पाहिलेत तर "आता पुढे काय करणार?" असे विचारा. ते उत्साहाने सांगेल. आणि खर्चाची भीती बाळगू नका. पिवळा, ऑकर, तांबडा, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन असे पाच रंग, एक जाड आणि एक बारीक ब्रश, बारा पेन्सिलींची पेटी आणि रंगपाटीऐवजी घरातली जुनी पांढरी बशी. ब्रश मात्र पाण्याच्या भांड्यात उभा ठेवू नका, केस वाकतात.

विद्यार्थी मित्रहो, चुरगळलेला कागद माझ्याकडे आणा. मागच्या भिंतीवर एक डाळिंब लावले आहे. ते चित्र सातवीतल्या एका मुलीने तिसऱ्या टप्प्यावर टाकून दिले होते. आम्ही ते सपाट केले, दोन दिवस वहीखाली दाबून ठेवले आणि तिने पुढे काम केले. जवळून पाहिलेत तर कागदावर घडीची रेघ अजून दिसते.

आता माझे संपले. आपण सर्वांनी प्रदर्शन पाहावे. उजव्या भिंतीवरच्या शेवटच्या चित्रावर आज सकाळीच दुसरा हात दिला आहे आणि ते अजून ओले आहे. कृपया कुणी बोट लावू नये.