उष्णता सोसणारी तार

घाटकोपरच्या फलाटावरून सुटणारी गाडी हळूहळू वेग घेते, यांत उतारूंना नवल वाटत नाहीं. परंतु पूर्वीच्या विजेच्या गाड्यांत या संथ आरंभासाठीं बरीच वीज मुद्दाम उष्णतेंत घालवावी लागे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली. तिच्या डोक्यावरील तारेंत १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह होता. पुढें त्याच पद्धतीच्या गाड्या घाटकोपरावरून धांवूं लागल्या.

फिरणारी मोटार स्वतःच प्रवाहाला उलट दाब देते. उभ्या मोटारींत तो मुळींच नसतो. म्हणून पूर्ण दाब एकदम दिल्यास प्रवाहाचा लोट मोटारीची हानि करील. तो थोपविण्यासाठीं वाटेंत रोधक, म्हणजे बाजारांतला रेझिस्टर, घालीत. वेग वाढे तसतसे ते टप्प्याटप्प्यानें वगळले जात.

गाडीखालचे रोधक धातूच्या जाड पट्ट्यांचे किंवा जाळ्यांचे असत. ध्वनिवर्धकासारख्या यंत्रांत तेंच कार्य तारेचा रोधक करतो. चिनी मातीच्या नळीवर निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार गुंडाळून वर काचेसारखा मुलामा किंवा सिमेंट चढवितात. हा मिश्रधातु तांब्याच्या सुमारें साठपट विरोध करतो आणि तापून लाल झाला तरी लौकर गंजत नाहीं. मात्र तारेचें वेटोळें चुंबकासारखें वागतें व त्वरेनें बदलणाऱ्या प्रवाहास अडचण करतें. अशा ठिकाणीं दोन तारा परस्परविरुद्ध दिशांनीं गुंडाळतात. एकीचें चुंबकत्व दुसरी बव्हंशीं नाहींसें करते.

येथें जूल या शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम ध्यानांत ठेवावयास हवा. दहा ओहमच्या रोधकांतून तीन ॲम्पिअर प्रवाह गेला तर ९० वॉट उष्णता निघते. सहा गेला तर ३६०. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट! म्हणून रोधक बदलतांना ओहमचा आंकडा जुळला कीं काम झालें, असें समजणें घातक आहे. ओहम अडथळ्याचें माप सांगतो, वॉट सोसण्याचें. ९० वॉटच्या जागीं ५० वॉटचा रोधक बसविला तर तो जळेल व शेजारच्या तारांचें आवरणही पेटवील. सुज्ञ कारागीर गरजेच्या दुप्पट शक्तीचा रोधक घेतो, भोंवतीं हवा खेळती ठेवतो, आणि वीज बंद केल्यावरही तो निवेपर्यंत त्यास हात लावीत नाहीं.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील एकदिश प्रवाह २०१६ सालीं संपला. नव्या गाड्या आरंभीं प्रवाह जपून घेतात आणि थांबतांना वीज तारेंत परत देतात. तरी रोधकाची गरज सरलेली नाहीं. उंच इमारतींतील ज्या लिफ्टमध्यें वीज परत घेण्याची सोय नाहीं, तेथें थांबतांना उत्पन्न होणारी वीज आजही रोधकच उष्णतेच्या रूपानें पचवितो. त्याला पुरेशी शक्ति व पुरेशी हवा देणें, एवढेंच माणसाच्या हातीं आहे.