चावडीवरची सत्ता कुठे गेली?

(राहाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



26 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आपल्या तालुक्यात, शिर्डीला आले होते. त्या दिवशी निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले आणि ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ योजनेचा प्रारंभही झाला. केंद्राच्या वर्षाला 6 हजार रुपयांत राज्याच्या 6 हजारांची भर पडली. कालव्याचे पाणी डोळ्यांना दिसते. पात्र शेतकऱ्यांच्या खात्यात थेट उतरणारा पैशाचा हा दुसरा प्रवाह मात्र दिसत नाही. मला आज बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

पूर्वी सरकारी मदत माणसांच्या साखळीतून गावात यायची. साखळीतल्या प्रत्येकाला नमस्कार करावा लागे, काहींना नमस्काराहून अधिक काही. कोण कोणाचे काम अडवू शकतो, यावर गावातले वजन ठरत असे. ती साखळी बरीचशी तुटली, याचा मला मनापासून आनंद आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या मिळू लागला. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याच्या हातची पीक नोंदीची लेखणी शेतकऱ्याच्या हाती आली. बांधावर उभे राहून आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, हे लहानसहान सत्तांतर नव्हे!

पण सत्ता नाहीशी होत नसते, ती जागा बदलते. आमच्या जमिनीच्या नोंदी संगणकात चढवताना वडिलांच्या नावातले एक अक्षर बदलले. एका कार्यालयातील कारकुनाने पडद्याकडे बोट दाखवून सांगितले, “साहेब, सिस्टीम घेत नाही.” जुन्या तलाठ्याशी निदान भांडता तरी येत असे. या ‘सिस्टीम’शी भांडायचे कसे? अखेर महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली, साध्या कागदावर अर्ज करून, चूक दुरुस्त झाली. मी पत्रकार असल्यामुळे मला कलम ठाऊक होते. ज्याला ठाऊक नाही, त्याने काय करावे?

ऊसतोड कामगाराच्या अंगठ्याच्या रेषा कोयत्याने झिजतात. ओळख पटली नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने आधारच्या निकालात 26 सप्टेंबर 2018 रोजी बजावले. रेशन दुकानातील यंत्राला हा निकाल कळत नाही. तो दुकानदाराला आणि रांगेत उभ्या असलेल्या आपल्याला माहीत असायला हवा.

उद्या पात्र कोण आणि अपात्र कोण, याची छाननी अधिकाधिक यंत्रेच करतील. त्या यंत्राचे नियम कोणी लिहिले, हा येत्या काळातला खरा राजकीय प्रश्न आहे. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे माहितीचा अधिकार राज्यात 2002 च्या कायद्याने आला, देशात 2005 मध्ये. त्यामुळे सरकारी फाईल नागरिकाला पाहता येऊ लागली. आता निर्णय फाईलमध्ये नसेल. मग मागायची ती नियमाची प्रत: कोणत्या निकषावर माझे नाव वगळले?

कार्यकर्त्यांना एकच काम सांगतो. लाभार्थ्यांच्या याद्या ग्रामसभेत वाचल्या जातात, त्यावर टाळ्याही पडतात. पुढच्या ग्रामसभेत वगळलेल्यांची यादी कारणांसह मागा. आणि ज्यांची नावे त्या यादीत असतील, त्यांच्या घरी बसून अर्ज लिहून द्या.